दोन लाइन, एक मोडेम: अलार्म वाजला पण सिग्नल बिल्डिंगबाहेर गेलाच नाही

फायर अलार्मचं पॅनेल चालू होतं, बॅटऱ्या चांगल्या होत्या, स्प्रिंकलरचा फ्लो स्विच (पाईपमधून पाणी वाहिलं की चालू होतो तो) वेळेत ट्रिप झाला, हॉर्न वाजले, स्ट्रोब लागले, सगळं जसं व्हायला पाहिजे तसं झालं आणि तरी मॉनिटरिंग स्टेशनला, म्हणजे अलार्मवर बाहेरून लक्ष ठेवणाऱ्या केंद्राला, कणभरही पत्ता लागला नाही. सगळ्यात वाईट म्हणजे कागदावर त्या बिल्डिंगला दोन टेलिफोन लाइन होत्या, दोन्हींचं बिल दर महिन्याला भरलं जात होतं, आणि दोन्हींवर डायल टोनही येत होता.

मी अमेरिकेत कमर्शियल फायर अलार्मच्या सर्व्हिसमध्ये काम करतो. हे प्रकरण मिडवेस्टमधल्या एका बिल्डिंगचं आहे, गावाचं, मालकाचं, फोन कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही कारण असं कुठल्याही कंपनीकडून होऊ शकतं आणि होतंय. चार मजले, खाली गोडाऊन आणि लोडिंग डॉक, वर ऑफिसेस, सगळीकडे वेट पाईप स्प्रिंकलर म्हणजे पाईपमध्ये कायम पाणी भरलेलं. स्प्रिंकलर असलेल्या बहुतेक कमर्शियल बिल्डिंगना तिकडच्या बिल्डिंग कोडप्रमाणे मॉनिटरिंग लागतंच, म्हणजे पाणी वाहायला लागलं किंवा कोणी मेन व्हॉल्व्ह बंद केला की त्याचा सिग्नल बाहेरच्या स्टेशनला गेला पाहिजे आणि तिथून फायर डिपार्टमेंटला फोन. बिल्डिंग २००८ ची, तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे पॅनेलमध्ये डायलर, म्हणजे स्टेशनला आपोआप फोन लावणारा भाग, आणि त्याला दोन टेलिफोन लाइन, दोन्ही तांब्याच्या, फोन कंपनीच्या एक्स्चेंजपासून थेट आलेल्या. एक्स्चेंजमध्ये स्वतःच्या बॅटऱ्या आणि जनरेटर असतात, लाइनला लागणारा करंट तिथूनच येतो, त्यामुळे गावातली वीज गेली तरी फोन चालू. सगळी जुनी व्यवस्था या एका गोष्टीवर उभी होती, पण ती इतकी गृहीत धरलेली की कोणी बोलून दाखवायचं नाही.

मग प्रॉपर्टी मॅनेजमेंट बदललं. नवीन मॅनेजरने बिलं बघितली, तांब्याच्या लाइनचे दर दर वर्षी चढत चाललेले, त्यात फोन कंपनीचं पत्र आलेलं की कॉपर सर्व्हिस आता बंद होत आलीय, सरकारचाच आदेश आहे. त्याने केबल कंपनीकडून इंटरनेट, फोन सगळं एकत्र पॅकेज घेतलं, जुने नंबर तेच ठेवले, इन्स्टॉलर आला, टेलिफोनच्या खोलीत मोडेम बसवला, जुन्या वायरी काढून नवीन लावल्या आणि गेला. अलार्म कंपनीला फोन कोणी केला नाही. आगीचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, म्हणजे फायर मार्शलला, तर नाहीच नाही. का करतील, नंबर तेच, टोन येतोय, पॅनेलवर हिरवा दिवा.

त्या सरकारी आदेशाबद्दल जाता जाता सांगून टाकतो कारण हा गैरसमज मी सारखा ऐकतो. एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या टेलिकॉम नियामकाने, ऑगस्ट २०१९ मध्ये जो निर्णय दिला त्यात कॉपर बंद करा असं कुठेही नाही. मोठ्या फोन कंपन्यांना तांब्याच्या ॲनालॉग लाइन दुसऱ्या कंपन्यांना ठरवून दिलेल्या घाऊक दरात द्यायची सक्ती होती ती उठवली, आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली जी २ ऑगस्ट २०२२ ला संपली. म्हणजे लाइन बेकायदेशीर झाली नाही, फक्त स्वस्तात द्यायचं बंधन गेलं. परिणाम मात्र जवळपास तोच, दर वाढले, दुरुस्तीला माणूस मिळेना, आणि ग्राहक आपोआप दुसरीकडे गेले. त्यामुळे मॅनेजरने लाइन बदलल्या याला माझा आक्षेप नाही, बदलायलाच लागणार होत्या. न सांगता बदलल्या, सगळा घोळ तिथून सुरू झाला.

त्या रात्री

बर्फाचं वादळ आलं, संध्याकाळी सातच्या सुमारास त्या भागातली वीज गेली. हीटिंग बंद, डॉकचा मोठा दरवाजा तसाही नीट बसत नव्हता, थंडी आत आली. पहाटे चारच्या सुमारास डॉकच्या वरचं स्प्रिंकलर पाईपचं फिटिंग बर्फाच्या दाबाने फुटलं आणि पाणी सुरू. पॅनेल बॅटरीवर होतं, त्याने फ्लो स्विच बघितला, अलार्म दिला, बाहेरच्या भिंतीवरचा हॉर्न-स्ट्रोब सुरू झाला. रस्त्यावर बर्फ काढायची गाडी चालवणाऱ्या एका माणसाने तो ऐकला आणि ९११ ला फोन केला. त्याने केला म्हणून, नाहीतर सकाळी पहिला कामगार येईपर्यंत पाणी वाहतच राहिलं असतं. त्याचा फोन जाईपर्यंतही गोडाऊनमधल्या भाडेकरूच्या मालाचे खालचे थर भिजून लगदा झाले होते. आग नव्हती हे नशीब, पण पॅनेलच्या दृष्टीने हा सिग्नल आगीचाच, कारण स्प्रिंकलरमधून पाणी वाहतंय याचा पहिला अर्थ तोच असतो.

इन्शुरन्सवाल्यांनी स्टेशनचा रिपोर्ट मागितला, रिपोर्टमध्ये त्या रात्रीची एकही एंट्री नाही. भाडेकरू म्हणाला अलार्म कंपनी झोपली होती, अलार्म कंपनी म्हणाली आमच्याकडे सिग्नलच आला नाही, मॅनेजर म्हणाला फोन तर चालू आहेत, केबल कंपनी म्हणाली त्या रात्री आमच्या नेटवर्कमध्ये काही बिघाड नव्हता. गंमत म्हणजे भाडेकरू सोडला तर बाकी तिघंही खरं बोलत होते.

पॅनेलची मेमरी वाचली तेव्हा चित्र स्पष्ट झालं. सातला एसी पॉवर गेल्याची नोंद, पाठोपाठ लाइन एक फॉल्ट, लाइन दोन फॉल्ट. मग नऊच्या सुमारास कम्युनिकेशन फेल. हे नऊचं काय ते समजून घ्या, कारण वीज गेल्याचा ट्रबल म्हणजे बिघाडाचा सिग्नल पॅनेल लगेच पाठवत नाही, एनएफपीए ७२ या फायर अलार्मच्या अमेरिकन कोडप्रमाणे तो ६० ते १८० मिनिटं थांबवून पाठवायचा असतो, नाहीतर गावाची वीज गेली की स्टेशनवर एकदम शेकडो बिल्डिंगचे सिग्नल आदळतील. तर पॅनेलने नऊला तो पाठवायचा प्रयत्न केला, दोन्ही लाइनवर आलटून पालटून, आणि हात टेकले. म्हणजे पाईप फुटायच्या सात तास आधी पॅनेल ओरडून सांगत होतं की माझा बाहेरचा रस्ता बंद आहे, फक्त ते ओरडणं तळमजल्याच्या रिकाम्या इलेक्ट्रिकल रूममधल्या छोट्याशा बझरपुरतं होतं. चारला वॉटरफ्लो अलार्म, परत प्रयत्न, परत फेल.

दोन लाइन एकदम गेल्या याचं कारण शोधायला वेळ लागला नाही, दोन्ही एकाच मोडेममधून निघत होत्या. मोडेमला बॅटरीचा खण होता, खण रिकामा. बॅटरी वेगळी विकत घ्यायची असते आणि कोणी घेतली नव्हती.

मग स्टेशनला का कळलं नाही की या बिल्डिंगकडून काहीच येत नाहीये? कारण पॅनेल जुन्या पद्धतीने प्रोग्रॅम केलेलं होतं, २४ तासांतून एकदा टेस्ट सिग्नल, तोही एक दिवस एका लाइनवर, दुसऱ्या दिवशी दुसरीवर. आदल्या दुपारची टेस्ट व्यवस्थित पोचली होती, पुढची दुसऱ्या दिवशी दुपारी अपेक्षित. मधल्या शांततेत स्टेशनला शंका यायचं कारणच नव्हतं. एनएफपीए ७२ च्या २०१३ च्या आवृत्तीपासून डायलरच्या प्रत्येक मार्गाची टेस्ट दर ६ तासांनी हवी असं आलं ते याचसाठी. सहा तासांचा हिशेब असता तर रात्री एकपर्यंत टेस्ट चुकल्याचं स्टेशनला दिसलं असतं, कोणीतरी मॅनेजरला उठवलं असतं, आणि वीज नसलेल्या बिल्डिंगमध्ये उणे तापमानात भरलेले पाईप आहेत हे कोणाच्या तरी लक्षात आलं असतं. कदाचित. पण निदान तेवढी संधी तरी मिळाली असती.

हिरवा दिवा कशाचा

इथपर्यंतचं सगळं बॅटरी लावली असती तर कदाचित टळलं असतं, आणि मॅनेजरचं म्हणणं तेच होतं की बॅटरी टाका आणि विषय संपवा. म्हणून मी त्याला घेऊन टेलिफोनच्या खोलीत गेलो. स्टेशनला फोन करून अकाउंट टेस्टवर ठेवलं, म्हणजे आता येणारे सिग्नल खरे धरू नका असं सांगितलं, मोडेमची वीज चालू, फोन चालू, पॅनेल नॉर्मल. मीटर लाइन एकच्या दोन वायरींवर लावला, ४८ च्या आसपास व्होल्ट. आता मोडेमच्या मागची केबलची वायर फिरवून काढली, म्हणजे बाहेरच्या जगाशी संबंध संपला. टेस्ट फोन कानाला लावला, टोन नाही, नुसती शांतता. फोन ठेवला आणि मीटर बघितला, व्होल्ट तेवढेच. पाच मिनिटं उभे राहिलो, दहा मिनिटं, पॅनेल हिरवंच. दोन्ही लाइन मेलेल्या आणि पॅनेल म्हणतंय सगळं ठीक.

याचं कारण असं की डायलर शांत असताना लाइनवर फक्त एकच गोष्ट बघत असतो, व्होल्टेज आहे की नाही. तांब्याच्या लाइनवर ते व्होल्टेज एक्स्चेंजमधून यायचं, त्यामुळे व्होल्टेज आहे म्हणजे एक्स्चेंजपर्यंत वायर शाबूत आहे, हा निष्कर्ष बरोबर होता. आता ते व्होल्टेज दहा फुटांवरचा डबा स्वतः तयार करतो. पॅनेल लाइन तपासत नाही, त्या डब्याचा पॉवर सप्लाय तपासतं. सगळे मोडेम असं करत नाहीत, काही बाहेरचा संपर्क तुटला की व्होल्टेज काढून घेतात आणि मग पॅनेलला ट्रबल दिसतो, पण हा करत नव्हता. आणि कुठला काय करतो हे वायर काढून बघितल्याशिवाय कळत नाही, डब्यावर लिहिलेलं नसतं.

कोडमध्ये असं आहे की डायलरला लाइनमध्ये बिघाड सापडला की तो बिल्डिंगमध्ये दिसला पाहिजे आणि चार मिनिटांच्या आत दुसऱ्या लाइनवरून स्टेशनला कळवला पाहिजे. नियम उत्तम आहे, पण बिघाड सापडलाच नाही तर चार मिनिटं मोजायची कुठून, आणि दुसरी लाइन त्याच डब्यातून निघत असेल तर कळवायचं कुणाच्या मार्फत.

त्या खोलीत अजून एक गोष्ट निघाली. डायलर ज्या जॅकला लावतात तो आरजे३१एक्स, आठ पिनांचा. बाहेरची लाइन मधल्या ४ आणि ५ पिनांवर येते, पॅनेलमधून फिरून १ आणि ८ वरून बिल्डिंगच्या बाकीच्या फोनकडे जाते. म्हणजे पॅनेल सगळ्यांच्या आधी बसलेलं असतं, अलार्म आला की पुढचे फोन तोडून लाइन स्वतःकडे ओढतं, कोणी बोलत असलं तरी. कोडमध्येही हेच आहे, डायलर बिल्डिंगच्या स्वतःच्या टेलिफोन सिस्टमच्या आधी जोडलेला हवा. केबलवाल्या इन्स्टॉलरने मोडेमच्या दुसऱ्या पोर्टला एक साधा स्प्लिटर लावला होता, एक तार आरजे३१एक्सला, दुसरी थेट ऑफिसच्या फॅक्स मशीनला. फॅक्स लाइनवर असताना पॅनेलने ती घ्यायचा प्रयत्न केला तर दोघं एकाच वेळी बोलणार आणि स्टेशनला ऐकू येणार खरखर. इन्स्टॉलरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला कोणी सांगितलं नव्हतं की त्या भिंतीवरच्या लाल वायरी कशाच्या आहेत.

खरखरीवरून आठवलं, रोजच्या टेस्ट पोचत होत्या म्हणजे लाइन चांगली होती असंही नाही. डायलर स्टेशनशी आवाजात बोलतो. स्टेशनचा रिसीव्हर फोन उचलतो, १४०० हर्ट्झचा एक टोन आणि मग २३०० हर्ट्झचा टोन देतो, ते ऐकलं की पॅनेल फोनच्या बटनांच्या टोनमध्ये १६ आकडे पाठवतं, अकाउंट नंबर, घटनेचा कोड, झोन म्हणजे बिल्डिंगचा कुठला भाग, शेवटी पडताळणीचा एक आकडा. हे कॉन्टॅक्ट आयडी फॉरमॅटचं झालं, त्यात वॉटरफ्लोचा कोड ११३, नियमित टेस्टचा ६०२. बेरीज जुळली की रिसीव्हर परत एक लांब १४०० चा टोन देतो, तो मिळाला की पॅनेल फोन ठेवतं, नाही मिळाला तर परत पाठवतं. माणसाच्या आवाजासाठी कॉम्प्रेस केलेल्या कॉलमध्ये, जी७२९ सारखा कोडेक (आवाज डिजिटल करून पाठवायची पद्धत) असेल तर, हे टोन वाकडे होतात, जी७११ मध्ये बऱ्यापैकी टिकतात, पण मधली काही पॅकेट गळाली की एखादा आकडा उडतोच. आणि आपण फोनवर बोलताना एखादं अक्षर गेलं तरी समजून घेतो, मशीन तसं करत नाही.

स्टेशनकडून जुनी नोंद मागवली. फोन बदलल्याच्या आठवड्यापासून या अकाउंटवरून कॉल आला पण डेटा नाही अशा ओळी दिसायला लागल्या, मग थोड्या वेळाने टेस्ट पोचलेली. म्हणजे पॅनेल दोनदा तीनदा प्रयत्न करून कसंबसं पोचत होतं. शेवटी पोचत होतं म्हणून स्टेशनच्या सॉफ्टवेअरने त्यावर काही इशारा दिला नाही. डायलरला किमान ५ आणि कमाल १० प्रयत्नांची मुभा असते, एकेक प्रयत्न ९० सेकंदांपर्यंत चालू शकतो. टेस्टच्या वेळी तिसऱ्या प्रयत्नात पोचलं तर कोणाचं काही बिघडत नाही, आग लागलेली असताना तीच काही मिनिटं फार मोठी असतात.

आणि आता पुढचं ऐका, याचा त्या रात्रीशी काही संबंध नव्हता पण प्रोग्रॅमिंग वाचताना सापडलं. स्टेशनचा पहिला नंबर टोल फ्री, दुसरा म्हणजे बॅकअप रिसीव्हरचा नंबर लोकल, आणि तो पॅनेलमध्ये सातच आकड्यांचा टाकलेला. ९८८ हा आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचा नंबर देशभर सुरू करायचा म्हणून ज्या ८२ एरिया कोडमध्ये ९८८ ने सुरू होणारे लोकल नंबर होते तिथे २४ ऑक्टोबर २०२१ पासून दहा आकडी डायलिंग सक्तीचं झालं. हा त्यातलाच एक एरिया कोड. म्हणजे त्या तारखेपासून बॅकअप नंबर लागतच नव्हता. पण पॅनेल तो फक्त पहिला नंबर लागला नाही तरच फिरवतं, त्यामुळे रोजची टेस्ट कधी तिथे गेलीच नाही. पॅनेलमध्ये असे जुने सात आकडी नंबर अजून किती ठिकाणी झोपलेले असतील देव जाणे.

कोड काय म्हणतो आणि काय निवडलं

फायर मार्शल आले. त्यांचा पहिला प्रश्न, हे बदललं कधी आणि परमिट कुठे आहे. मॅनेजर म्हणाला जुन्या बिल्डिंगला जुना कोड लागू, दोन लाइन चालतात. अर्धं बरोबर. जुनी मंजूर व्यवस्था जशीच्या तशी असेल तर सहसा नवीन आवृत्ती मागे जाऊन लागू होत नाही, पण सिग्नल जायचा रस्ताच बदलला तर जुनी मंजूर व्यवस्था राहिली कुठे. नवीन बसवताना त्या वेळी तिथे लागू असलेली आवृत्ती बघायची, आणि तिथे २०१३ च्या नंतरची लागू होती.

२०१३ मध्ये डायलरबद्दल मोठा बदल झाला तो हा की दोन टेलिफोन लाइन हे उत्तर आता चालत नाही. एक टेलिफोन लाइन ठेवता येते, दुसरा मार्ग वेगळ्या तंत्राचा हवा, रेडिओ, सेल्युलर किंवा आयपी म्हणजे इंटरनेट वगैरे. तसं काहीच उपलब्ध नसेल आणि फायर मार्शल मान्य करत असतील तरच दुसरी लाइन. कारण सरळ आहे, दोन लाइन मागण्यामागे हेतू दोन वेगळे रस्ते असावेत हा होता, आणि फोनचं जग बदलल्यावर दोन नंबर म्हणजे दोन रस्ते हे समीकरण मोडलं.

मग केबल कंपनीची एक लाइन तरी ठेवता येईल का? इथे एमएफव्हीएन (मॅनेज्ड फॅसिलिटीज-बेस्ड व्हॉइस नेटवर्क) नावाची भानगड येते, २०१० च्या आवृत्तीत ती आली. फोन कंपनी स्वतःच्या ताब्यातल्या नेटवर्कवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आवाज नेत असेल, जुन्या लाइनसारखं व्होल्टेज आणि लाइन ताब्यात घेणं चालत असेल, ग्राहकाकडच्या उपकरणाला ८ तास आणि एक्स्चेंजला २४ तास बॅकअप असेल तर ती सेवा साध्या टेलिफोन लाइनच्या बरोबरीची धरता येते. कोणाच्याही इंटरनेटवरून चालणारा ॲपसारखा फोन यात बसत नाही. मी केबल कंपनीला लेखी विचारलं, तुमची सेवा यात बसते का आणि बॅटरी कोण बदलणार. उत्तर गोल गोल आलं, बॅटरी ग्राहकाची जबाबदारी. तिथेच मी तो पर्याय सोडला, कारण तीन वर्षांनी ती बॅटरी मरेल तेव्हा कोणालाही कळणार नाही.

राहिले दोन पर्याय, नुसतं सेल्युलर किंवा सेल्युलर अधिक आयपी. एकच मार्ग असेल तर तो तुटल्याचं ६० मिनिटांच्या आत कळलं पाहिजे, एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाला ६ तास. २०१० मध्ये एकट्या मार्गासाठी हीच मर्यादा ५ मिनिटांची होती, २०१३ मध्ये ती सैल केली. आता हे वाचून लोकांना वाटतं की दोन मार्ग म्हणजे नेहमीच जास्त सुरक्षित. माझं मत जरा वेगळं आहे, दर तासाला तपासलेला एक मार्ग हा सहा तासांनी तपासलेल्या दोन मार्गांपेक्षा काही वेळा बरा, विशेषतः दुसरा मार्ग बिल्डिंगच्या राउटरमधून जात असेल आणि राउटरला बॅकअप नसेल तेव्हा. त्या रात्रीसारखी वीज गेली की इथरनेट, म्हणजे आयपीचा मार्ग, पहिल्या सेकंदाला जाणार. म्हणून आम्ही दोन्ही घेतलं पण तपासणीचा वेळ सेल्युलरचा ६० मिनिटांवरच ठेवला, दोन मार्ग असले तरी. स्टेशनचं मासिक बिल थोडं वाढलं, मालकाने कुरकुर केली, भिजलेल्या मालाचा क्लेम अजून चालू होता म्हणून लांबवली नाही.

मालकाची खरी शंका सेल्युलरवरच होती. त्याच्या दुसऱ्या बिल्डिंगमध्ये असाच सेल्युलर रेडिओ बसवलेला होता, एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ ला थ्रीजी बंद केलं तेव्हा तो एका दिवसात निकामी झाला. शंका रास्त आहे. एलटीई म्हणजे फोरजीसुद्धा कधीतरी जाणार. फरक एवढाच की आपला नवा रेडिओ बंद पडल्याचं तासाभरात कळतं, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं सिम चालणारं युनिट घेतलं की एकाच कंपनीच्या टॉवरवर सगळं अवलंबून राहत नाही. तांब्याची लाइन बदलून मोडेम आला हे मात्र महिनोन्महिने कोणालाच कळलं नव्हतं.

युनिट फायर अलार्मसाठी यूएल ८६४ लिस्टिंग (सुरक्षा चाचणीची मान्यता) असलेलंच घ्यायचं, घरफोडीच्या अलार्मचा स्वस्त रेडिओ चालत नाही. त्याला स्वतःची बॅटरी, २४ तासांची. पॅनेल तळमजल्याच्या काँक्रीटच्या खोलीत, तिथे सिग्नल एक दांडी. अँटेना वर नेला तर वायर लांब होते आणि लांब वायरमध्येच सिग्नल खर्ची पडतो, म्हणून कमी लॉसवाली केबल घेतली आणि शक्य तितक्या कमी अंतरात पहिल्या मजल्याच्या खिडकीजवळ आणला. तीन दांड्या मिळाल्या, स्थिर.

जोडताना एक फार बारीक गोष्ट होती. या प्रकारची युनिट्स जुन्या डायलरला फसवूनच चालतात, म्हणजे युनिट स्वतः ४८ व्होल्टच्या आसपास देतं, खोटा डायल टोन देतं, डायलरचे टोन ऐकतं आणि तोच संदेश रेडिओवरून पाठवतं. म्हणजे परत तीच गोष्ट, पॅनेलला जवळच्या डब्याचं व्होल्टेज दिसणार. फायरसाठी नीट बनवलेलं युनिट दोन्ही मार्ग गेले की पॅनेलकडे जाणारं व्होल्टेज मुद्दाम तोडतं, शिवाय त्याचा ट्रबल रिले, म्हणजे बिघाड झाला की चालू होणारा स्विच, असतो तो वेगळा वायर करून पॅनेलच्या एका इनपुटवर घ्यायचा. पहिल्याच टेस्टला व्होल्टेज तुटेना, सेटिंग फॅक्टरीतून बंद आलं होतं. चालू केलं.

मार्शलसमोर फेरतपासणी झाली. इथरनेटची वायर काढली, ट्रबल पॅनेलवर आणि स्टेशनला दोन्हीकडे दिसला. ती तशीच ठेवून अँटेना काढला, पॅनेलवर ट्रबल, आणि स्टेशनला संपर्क तुटल्याचं तासाच्या आत दिसलं, त्यासाठी सगळे कॉफी पीत बसून राहिलो. मग अँटेना परत लावला, बिल्डिंगची मेन वीज पाडली, राउटर मेलेला, आणि डॉकजवळचा टेस्ट व्हॉल्व्ह उघडला. पाणी वाहिलं, फ्लो स्विचचा ठरलेला विलंब गेला, हॉर्न वाजले, आणि स्टेशनच्या ऑपरेटरने फोनवर झोनचं नाव बरोबर वाचून दाखवलं. मार्शलनी सही केली. सात आकडी बॅकअप नंबरही दहा आकडी केला, आता त्याचा उपयोग नसला तरी.

केबल कंपनीच्या त्या दोन लाइन सही झाल्यानंतरच डायलरवरून काढल्या, आधी नाही. मधल्या काळात अलार्म बाहेर जाईलच याची खात्री नव्हती म्हणून फायर वॉच होता, माणूस रात्रभर फेऱ्या मारून वहीत वेळ लिहीत होता, त्याचं बिल मॅनेजरच्या वाचवलेल्या फोनबिलापेक्षा जास्त झालं असणार. त्याला मी ते विचारलं नाही.

मोडेमच्या तिसऱ्या पोर्टवर लिफ्टमधला इमर्जन्सी फोन निघाला. तो फायर अलार्ममध्ये येत नाही, आमच्या परमिटमध्येही नाही, पण वीज गेलेली असताना लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाने कोणाला बोलवायचं हा प्रश्न उरतोच. मॅनेजरला आणि लिफ्ट कंपनीला लेखी कळवलंय, मार्शलना प्रत दिलीय, आणि मोडेममध्ये निदान बॅटरी तरी टाकून घेतलीय, तारीख मार्करने वर लिहून.